डिस्क गोल्फच्या पिशवीत साचे किती? या वादाची पार्श्वभूमी

ठाणे स्टेशनात नऊ-दहा नंबरवरून पनवेल लोकल पकडताना खांद्यावरची पिशवी किती जड आहे ते बरोबर कळतं. डिस्क गोल्फ म्हणजे चेंडूऐवजी हाताने तबकडी, म्हणजे डिस्क, फेकत कमीत कमी फेकींत ठरलेलं लक्ष्य गाठायचा खेळ. एक डिस्क साधारण 170 ग्रॅमची, म्हणजे वीस डिस्क भरल्या तर जवळपास साडेतीन किलो. वर पाण्याची बाटली, फडकं, डबा. रविवारी सकाळी खारघरला आम्ही चार-पाच जण जमलो की पहिला टोमणा ठरलेला असतो: "एवढ्या कशाला आणल्यास? विकायला बसणार आहेस का?" त्यावर पिशवीवाल्याचं उत्तरही ठरलेलं: "वारा सुटला की मागायला येशील."

वाद डिस्क किती यापेक्षा साचे किती, याचा असतो. डिस्क गोल्फवाले मोल्ड म्हणतात तो साचा. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात एकाच साच्यातून शाडूची मूर्ती निघते आणि प्लास्टरचीही. रूप तेच, वजन आणि गुण वेगळे. इथेही तसंच. एका साच्यातून स्वस्त मऊ प्लास्टिकची डिस्क निघते आणि महाग कडक प्लास्टिकचीही, 150 ग्रॅमची निघते आणि 175 चीही. म्हणून पिशवीत बारा डिस्क असून साचे तीनच असू शकतात. आजचे बहुतेक खेळाडू याच्या उलट करतात: बारा डिस्क, बारा साचे. हे असं का झालं, त्याचं उत्तर आवडीनिवडीत सापडत नाही, प्लास्टिकच्या इतिहासात सापडतं.

सुरुवातीला निवड करायला काही नव्हतंच. कॅनडात सस्कॅचवनमधल्या ब्लॅडवर्थ गावी 1926 मध्ये शाळकरी पोरं डब्यांची पत्र्याची झाकणं ठरवलेल्या खुणांवर फेकून गोल्फसारखे गुण मोजत. झाकण जे मिळेल ते. फ्रेड मॉरिसनची 'प्लूटो प्लॅटर' ही प्लास्टिकची तबकडी व्हॅम-ओ कंपनीने 1957 मध्ये बाजारात आणली आणि त्याच वर्षी तिचं नाव फ्रिस्बी झालं. याच कंपनीतल्या एड हेडरिकने तबकडीच्या पाठीवर गोल रेषा उमटवून तिचं उडणं स्थिर केलं. पुढे 1975 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये त्याने डिस्क गोल्फचं पहिलं कायमस्वरूपी मैदान आखलं. तिथे आधी लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. साखळ्यांत डिस्क अडवून खाली झेलणारी बास्केट नंतर आली. आम्ही अजून खांबांच्याच युगात आहोत. दिव्याचा खांब, नाहीतर माड. 1976 मध्ये हेडरिकने पीडीजीए ही डिस्क गोल्फचे नियम सांभाळणारी संघटना काढली.

त्या काळच्या डिस्क झेलायच्या म्हणून बनलेल्या होत्या. कडा जाड, गोलसर, हाताला न लागणाऱ्या. आकार आणि वजनं थोडी वेगवेगळी असत, साच्यांना नंबर असत आणि जाणकार त्या नंबरानेच डिस्क ओळखत. पण उडण्यातला फरक फार नव्हता. वळण आणायचं तर मनगटाने आणि फेकीच्या कोनाने.

खरी कलाटणी 1983 मध्ये मिळाली. डेव्ह ड्युनिपेसने डिस्कची कड खालून तिरकी तासली, सुरीच्या पात्यासारखी. त्या डिस्कचं नाव ईगल, आणि तिच्यासोबत उभी राहिली इनोव्हा कंपनी. तिरकी कड हवा कापते, डिस्क लांब जाते, शिवाय कडेचा आकार जरा बदलला की वळणही बदलतं. आता झेलण्यापुरती एक डिस्क पुरेना. जवळून टाकायचा पटर, मधल्या अंतराचा मिडरेंज, लांबचा ड्रायव्हर अशा जाती पडल्या. 1987 ची रॉक ही मिडरेंज यातली सगळ्यांत टिकलेली.

रॉकपाशी जरा थांबायला हवं, कारण सगळी गोम तिच्यात आहे. उजव्या हाताच्या बॅकहँडने फेकलेली डिस्क जोरात असताना उजवीकडे झुकू पाहते, आणि जोर ओसरला की डावीकडे पडते. पहिल्या झुकण्याला टर्न म्हणतात, शेवटच्या पडण्याला फेड. नवी कोरी रॉक टर्न जवळजवळ घेत नाही, शेवटी डावीकडे पडते. तिला झाडं, दगड, जमीन यांचा प्रसाद मिळत गेला की स्वस्त प्लास्टिकची कड झिजते, आणि डिस्क हळूहळू सरळ जायला लागते. आणखी झिजली की उजवीकडे वळते. म्हणून जुने खेळाडू एकाच साच्याच्या तीन-चार रॉक ठेवत: एक नवी, एक मुरलेली, एक पार झिजलेली. हातात पकड एकच, उंची एकच, पण वळणं तीन. लोणच्याची बरणी जशी वर्षावर्षाने ओळीत लावतात, तसं हे. याला ते सायकलिंग म्हणत.

नियमही या पद्धतीला पोषक होता आणि आहे. खेळताना झालेली झीज चालते, साच्याचा खडबडीतपणा किंवा ओरखडा घासून गुळगुळीत केलेला चालतो. पण उडणं बदलावं म्हणून डिस्क मुद्दाम घासणं चालत नाही. म्हणजे मुरलेली डिस्क कमवावी लागते. हे मला फार आवडतं, कबूल करतो.

मग 2000 च्या आसपास टिकाऊ प्लास्टिक आलं. पारदर्शक, कडक, झाडावर आपटूनही फारसं न बिघडणारं. ग्राहकाची सोय झाली, पण झिजून वळण बदलायची वाट बंद पडली. नवी डिस्क वर्षभराने जवळपास नवीसारखीच वागायला लागली. आता सरळ जाणारी डिस्क हवी असेल तर ती वेगळीच घ्यायची, उजवीकडे वळणारी हवी तर आणखी वेगळी. जी वळणं एका साच्याच्या वयातून मिळत होती, ती तीन साच्यांत विकत घ्यावी लागली. कंपन्यांना याहून गोड काय असणार? 2003 मध्ये डिस्क्राफ्ट कंपनीची बझ ही मिडरेंज आली, 2007 मध्ये इनोव्हाचा डिस्ट्रॉयर हा ड्रायव्हर. ड्रायव्हरच्या कडा रुंद होत गेल्या. पीडीजीएने कमाल रुंदी 2.6 सेंटिमीटरवर बांधली आहे. मान्यताप्राप्त डिस्कची यादी हजाराच्या पुढे गेली. या जंगलात वाट सापडावी म्हणून डिस्कवर चार आकडे आले: वेग, तरंगणं, टर्न, फेड. पण आकडे कंपनी आपले आपण लावते, सगळ्यांची मोजपट्टी एक नाही. एकीचा सात आणि दुसरीचा सात सारखा निघेल याची खात्री कुणी देत नाही.

हे सगळं मूळच्या गोल्फमध्ये आधी घडून गेलेलं आहे. हिकरीच्या लाकडी दांड्याचे क्लब होते तेव्हा लोक मोजक्या क्लबांनी खेळत, अर्धा फटका, पाऊण फटका असं हातानेच सांभाळत. 1920 च्या दशकात पोलादी दांडे आले, जुळवलेले संच विकले जाऊ लागले, आणि अंतरागणिक एक क्लब घ्यायची टूम निघाली. लॉसन लिटल या अमेरिकन गोल्फरच्या पिशवीत 31 क्लब असत असं सांगतात. ती पिशवी उचलणाऱ्याचं नाव मात्र कुणी सांगत नाही. कौशल्याची जागा सामान घेतंय ही ओरड झाली आणि अमेरिकेच्या यूएसजीए या गोल्फ संघटनेने 1938 मध्ये 14 क्लबांची मर्यादा घातली, पुढच्या वर्षी स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए या गोल्फ संस्थेने. खारघरच्या डोंगरापायथ्याशी सिडकोच्या गोल्फ कोर्सवर खेळणारा आजही त्याच चौदात बसतो. त्याच खारघरात आम्ही कितीही डिस्क नेऊ शकतो, कारण डिस्क गोल्फमध्ये अशी मर्यादा कधी आलीच नाही. पंचाने पिशवी मोजायची नाही, ती आपल्या खांद्याने मोजायची.

आता आमच्याकडची गोष्ट. व्यावसायिक खेळाडू वीस-पंचवीस डिस्क नेतात, ते पाहून आमच्यातले दोघे तशीच पिशवी भरायला लागले. पण त्या खेळाडूंना कंपनी डिस्क पुरवते. इथे हरवलेली डिस्क नाक्यावरच्या खेळाच्या दुकानात मिळत नाही. कुणाचा तरी मावसभाऊ अमेरिकेतून येईपर्यंत थांबा, नाहीतर कुरियर आणि कस्टमच्या पावतीकडे बघत बसा. साच्यांची संख्या कमी आणि एकाच साच्याच्या जोडडिस्क जास्त, हा हिशेब इथे आपोआप पटतो.

वाऱ्याचं वेगळं. सकाळी सातला खारघरला पान हलत नाही, दहा-अकरानंतर खाडीकडून वारा चढायला लागतो. समोरून वारा आला की प्रत्येक डिस्क एरवीपेक्षा जास्त टर्न घेते, म्हणून एक तरी हट्टी, डावीकडे पडणारी ओव्हरस्टेबल डिस्क लागतेच. त्यावर मी वाद घालत नाही. ती झिजू नये म्हणून ती कडक प्लास्टिकचीच घ्यावी.

बाकीच्यांना इथली जमीन मुरवते. मुरूम आणि काळा कातळ स्वस्त प्लास्टिकची कड एका मोसमात खाऊन टाकतो. अमेरिकेतल्या हिरवळीवर याला कितीतरी जास्त काळ जात असेल. माझ्याकडच्या तीन रॉकमधली सगळ्यांत जुनी आता उजवीकडे इतकी सुरेख वळते की दुसरा साचा घ्यायचं कारणच उरलं नाही. सध्या पिशवीत चार साच्यांच्या आठ डिस्क आहेत. नववी, मधल्या वयाची रॉक, जुलैमध्ये खारघरच्या कमरेएवढ्या गवतात गेली. ऑक्टोबरात गवत वाळलं की शोधायला जायचं आहे, आणि पिशवीवाला म्हणतो, तोही येईल.