पंचाहत्तर वॅटमध्ये बसणारं ग्राफिक्स कार्ड

ऑफिसांनी बदलून टाकलेले डेल ऑप्टिप्लेक्स किंवा एचपीचे जुने डेस्कटॉप मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि ऑनलाइनही स्वस्तात मिळतात. चौथ्या-सहाव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम. अभ्यासाला, हिशेबाला भरपूर. मग घरातल्या कुणाला तरी त्यावर गेम खेळायचा असतो, आणि ग्राफिक्स कार्डाच्या किमती चाळणं सुरू होतं. किमती नंतर बघा. आधी डबा उघडून पॉवर सप्लायवरचं लेबल वाचा.

कार्ड ज्या लांब पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसतं, तो मानकाप्रमाणे जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. १२ व्होल्टवर ५.५ अँपिअर म्हणजे ६६ वॅट, उरलेले ३.३ व्होल्टच्या लाइनमधून. (काही छोट्या मशीनमध्ये कंपनीनेच ही मर्यादा आणखी खाली ठेवलेली असते, म्हणून मॅन्युअल पाहिलेलं बरं.) यापेक्षा जास्त वीज लागणाऱ्या कार्डाला पॉवर सप्लायमधून ६ किंवा ८ पिनची वेगळी वायर द्यावी लागते, आणि ऑफिसच्या मशीनमध्ये ती बहुधा नसतेच. मग कुणीतरी साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणाऱ्या वायरवरून ६ पिन काढून देणारा अडॅप्टर सुचवतं. साटाच्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअरच्या, म्हणजे एकूण ५४ वॅट. ६ पिनच्या कनेक्टरमधून मात्र कार्ड ७५ वॅटपर्यंत ओढू शकतं. हा हिशेब न जुळल्याचं वितळलेल्या प्लास्टिकवरून कळतं.

सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं, ग्राफिक्स कार्डांवर चालणारं मायनिंग बंद झालं आणि वापरलेली कार्डं बाजारात ओतली गेली. त्यातलं एएमडीचं आरएक्स ५८० आजही मोहात पाडतं, पण त्याची भूक १८५ वॅट. २४० वॅटच्या पॉवर सप्लायवर त्याचा विचारही नको.

७५ वॅटच्या आत बसणाऱ्यांत एनव्हिडियाची जीटीएक्स १०५० टीआय (२०१६) आणि जीटीएक्स १६५० (२०१९) ही ओळखीची नावं. एएमडीचं आरएक्स ६४०० (२०२२) ५३ वॅटमध्येच भागवतं. ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० (२०२४) ७० वॅटचं आहे, पण बजेट ताणतं. बारक्या केसमध्ये अर्ध्या उंचीचं, म्हणजे लो प्रोफाइल कार्डच बसतं.

याहून स्वस्तात जीटी १०३० दिसतं, आणि खरी गंमत तिथे आहे. २०१७ मध्ये ते जीडीडीआर५ मेमरी घेऊन आलं. पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४ मेमरीचं कार्ड आलं. दोन्हींत आकडेमोड करणारे कोअर ३८४, मेमरी २ जीबी, मेमरीची बस (डेटा वाहून नेणाऱ्या तारांचा संच) ६४ बिटांची, म्हणजे ६४ तारांची. खोक्यावर फरक शोधावा लागतो. जीडीडीआर५ मध्ये बसच्या प्रत्येक तारेवरून सेकंदाला ६ अब्ज बिट जातात; ६४ ने गुणून ८ ने भागलं (८ बिटांचा एक बाइट) की सेकंदाला ४८ जीबी. डीडीआर४ मध्ये तारेमागे फक्त २.१ अब्ज बिट, म्हणजे १६.८ जीबी. ग्राफिक्स कार्ड प्रत्येक फ्रेमसाठी टेक्स्चर आणि पिक्सेल मेमरीतून सतत वाचत-लिहीत असतं. डेटा वेळेवर आला नाही तर कोअर नुसते थांबून राहतात. गिरणी सुरू, पण दळणच पुढे येत नाही. कित्येक गेममध्ये डीडीआर४चं कार्ड निम्म्या वेगाने चालतं. एकच नाव देऊन हे विकणं मला तरी फसवणुकीच्या फार जवळचं वाटतं.

नव्या कार्डातही एक मेख असते. आरएक्स ६४०० स्लॉटच्या सोळापैकी फक्त चार लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, वापरतं. चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसमध्ये चार लेनमधून सेकंदाला साधारण ८ जीबी जातात. या जुन्या मशीनमध्ये स्लॉट तिसऱ्या पिढीचा, तिथे ४ जीबीच. कार्डाची स्वतःची ४ जीबी मेमरी भरली की उरलेला डेटा याच लेनमधून रॅमकडे ये-जा करतो आणि गेम अडखळतो. शिवाय या कार्डात व्हिडिओ एन्कोड करणारं, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल बनवणारं सर्किटच नाही, त्यामुळे एडिटिंगसाठी घेणाऱ्याची निराशा ठरलेली. जीटीएक्स १६५० तीन वर्षांनी जुनं, पण पूर्ण सोळा लेनचं. अशा मशीनसाठी मी तेच सुचवेन. १०५० टीआय त्याहून स्वस्तात मिळेल, पण ऑक्टोबर २०२५ नंतर त्या पिढीला नव्या गेमसाठी ड्रायव्हर मिळत नाहीत.

१६५०च्या बऱ्याच मॉडेलांना कंपन्यांनी ६ पिनचं सॉकेट जोडलंय, तेव्हा फोटोत कार्डाची वरची कड नीट बघा. वापरलेलं घेताना आणखी एक सावधगिरी हवी. जीटीएस ४५० सारख्या जुन्या कार्डाचा बायोस (कार्डातच साठवलेला, त्याची ओळख सांगणारा प्रोग्राम) बदलून ते १०५० टीआय म्हणून विकलं जातं, आणि विंडोजही तेच नाव दाखवतं. जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्राम २०१८ पासून अशी एनव्हिडिया कार्डं ओळखून नावापुढे ‘फेक’ लिहितो. पैसे देण्याआधी विक्रेत्याकडे चालू मशीनवर तो उघडायला लावा.