टाकीतला पाऊस

गेल्या जुलैत नागपुरात मानेवाड्याच्या घरी फाटकाला स्प्रेने रंग देत होतो. मधेच गनमधून पाण्याचे थेंब उडाले आणि ओल्या रंगावर बारीक फोड आले. गन दोनदा खोलून पाहिली. पाणी येत होतं कॉम्प्रेसरच्या, म्हणजे हवा दाबून भरणाऱ्या मशीनच्या, टाकीतून.

पावसाळ्यात 30 अंश तापमान आणि 80 टक्के आर्द्रता असली की एक घनमीटर हवेत सुमारे 24 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. 50 लिटरची टाकी 8 बारपर्यंत, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा साधारण आठपट जास्तीच्या दाबापर्यंत, भरली की तिच्यात बाहेरची 450 लिटर हवा कोंबलेली असते, म्हणजे जवळपास 11 ग्रॅम पाणी. पण वाफ किती मावणार हे जागा आणि तापमान ठरवतं. हवा कितीही दाबा, वाफेची जागा वाढत नाही. टाकी निवली की आत जेमतेम दीड ग्रॅम वाफ उरते. बाकीचं पाणी, साधारण दोन चमचे, तळाशी साचतं. हे एकदा टाकी भरल्यावरचं. दिवसभर काम केलं तर पेलाभर सहज निघतं. म्हणून काम संपलं की तळाचा ड्रेन कॉक (पाणी काढायची तोटी) उघडायचाच.

मे महिन्यात आपल्याकडची हवा कोरडी असते. तेव्हाही भरपूर पाणी निघत असेल, तर मशीन कूलरच्या झोतात तर नाही ना, ते आधी पाहा.

दुसरी नेहमीची तक्रार आवाजाची. मोटर बंद होताना प्रेशर स्विचजवळ (दाब पुरेसा झाला की मोटर बंद करतो तो) क्षणभर ‘फुस्स’ होतं, ते ठीकच आहे. पंप आणि टाकीमधल्या नळीतली हवा सोडून दिली जाते, म्हणजे पुढच्या वेळी मोटरला दाबाविरुद्ध सुरू व्हावं लागत नाही. ही फुसफुस थांबलीच नाही, तर बहुतेक जण स्विच बदलतात आणि पैसे वाया जातात. दोष बहुधा टाकीच्या तोंडाशी असलेल्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचा, म्हणजे हवा एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेचा, असतो. त्यात कचरा अडकला की टाकीतली हवा उलटी येते आणि स्विचपाशी बाहेर पडते. प्लग काढा, टाकी पूर्ण रिकामी करा, मगच व्हॉल्व्ह खोलून पुसा.

मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही? लगेच बंद करा, नाहीतर वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) जळेल. मोटरला सुरू व्हायला मदत करणारा कपॅसिटर गेलेला असू शकतो, पण त्याआधी वायर बघा. बारीक, लांबलचक एक्स्टेन्शनमध्ये व्होल्टेज पडतं, आणि मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो: 230 ऐवजी 184 व्होल्ट मिळाले तर जोर 64 टक्केच. वायरऐवजी हवेचा पाइप लांब घ्यावा.

आणि टाकीला गंजून छिद्र पडलं, तर कोणी कितीही स्वस्तात वेल्डिंग करून देतो म्हणाला तरी करू नका. एका जागी पत्रा आरपार गंजला, म्हणजे आजूबाजूलाही तो आतून पातळ झालेला असतो. त्या टाकीत पुन्हा हवा भरायची नाही.