बंदी २००६ ची, बाटली २०१५ पर्यंत

नाशिकमध्ये पक्ष्यांचा विषय निघाला की बोलणं नांदूर मध्यमेश्वरच्या पाणपक्ष्यांवर जातं. अंजनेरीच्या कड्यांवर घरटी करणारी लांब चोचीची आणि हरसूलकडे उंच झाडांवर बसणारी पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं मात्र मागे पडतात. तीही ज्या जिल्ह्यात टाकेदला जटायूची जागा दाखवतात, तिथे.

गिधाडं मेलेलं जनावर वासावर नाही, नजरेवर शोधतात. सडकं मांसही त्यांना पचतं. पण जनावरांच्या दुखण्यावरचं डायक्लोफिनॅक त्यांना पचत नाही. इंजेक्शन दिलेला बैल दोन-चार दिवसांत दगावला आणि माळावर टाकला, तर त्याचं मांस खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होतात. शंभरांत एकाहून कमी मेलेल्या जनावरांत हे औषध असलं तरी गिधाडांची संख्या कोसळायला पुरतं. १९९२ ते २००७ या काळात देशातली पांढऱ्या पुठ्ठ्याची ९९ टक्क्यांहून जास्त गिधाडं संपली. कारण सापडलं २००३ मध्ये.

२००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. मेलोक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय तेव्हा ठाऊक होता. पण माणसांसाठीचं इंजेक्शन दुकानात राहिलं, तेही ३० मि.लि.च्या बाटलीत. माणसाला एका वेळी ३ मि.लि. पुरतं, मोठी बाटली लागते ती बैलाला. ती गोठ्यात पोहोचणार हे उघड होतं. लंगडणारा बैल घेऊन बसलेल्या शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. दुकानात जे स्वस्त आणि लगेच गुण देणारं मिळालं, ते त्याने वापरलं. ३ मि.लि.पेक्षा मोठी बाटली बंद व्हायला २०१५ उजाडलं. त्यावरही औषध बनवणारे न्यायालयात गेले आणि २०१७ मध्ये हरले. वर्षाला एकच अंडं घालणाऱ्या पक्ष्यासाठी मधली नऊ वर्षं फार महागात पडली. माझ्या मते २००६ चा निर्णय अर्धा होता, आणि त्याचं कौतुक करताना हे सांगायलाच हवं.

पुढेही तेच घडलं. असेक्लोफिनॅक हे जनावरांना दिलं जाणारं दुसरं वेदनाशामक, गाईच्या शरीरात गेल्यावर डायक्लोफिनॅकच होतं. तरी जनावरांसाठी ते थांबलं २०२३ मध्ये, गिधाडांना घातक असलेल्या किटोप्रोफेन या वेदनाशामकासोबत. निमेसुलाइड या अशाच औषधावर बंदी आली २०२४ च्या अखेरीस. प्रत्येक औषधाचा वेगळा पुरावा, वेगळा आदेश, आणि तोवर विक्री चालूच.

वीजतारा आहेत, संक्रांतीचा नायलॉन मांजा आहे. त्यांचाही फटका पक्ष्यांना बसतो. पण गिधाडांचा निकाल गोठ्यातल्या सुईवर लागतो. अंजनेरीला २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, त्याने कडे आणि घरटी सांभाळली जातील. खाणं मात्र गिधाडं हद्दीबाहेरच्या माळांवर शोधणार. म्हणून हरसूलजवळ खोरीपाड्याला गावकऱ्यांच्या साथीने मेलेली जनावरं गिधाडांसाठी ठरावीक जागी टाकण्याचा प्रयोग मला जास्त मोलाचा वाटतो. जनावर कुणाचं, त्याला शेवटचं औषध कोणतं दिलं, हे तिथे गावातच विचारता येतं.