अवधाण का येतं?

पायाच्या बोटात काटा मोडतो. तो काढला, रक्त पुसलं की आपण विसरूनही जातो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चालताना जांघेत काहीतरी दुखतं. चाचपून पाहावं तर गोटीएवढी गाठ. जाणती माणसं गाठीकडे न बघता आधी पायाकडे बघतात आणि म्हणतात, "अवधाण आलंय. पायाला काय लागलंय?" मला या जुन्या शब्दाचं फार कौतुक वाटतं. जखम एकीकडे आणि सूज दुसरीकडे, तरी दोन्हींचा संबंध आहे हे तो शब्द वापरणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या दोन जागांच्या मधल्या वाटेवर जे घडतं, त्यातच आपल्या रोगप्रतिकारशक्तीची बरीचशी गोष्ट आली.

काट्याने कातडी फाडली की तिथून जंतू आत शिरतात. त्यांतले काही वीस-वीस मिनिटांत दुप्पट होतात, त्यामुळे वेळ दवडून चालत नाही. कातडीखाली ठाण मांडून बसलेल्या भक्षक पेशी जंतूंच्या आवरणावरच्या ठराविक खुणा ओळखतात, त्यांना गिळायला लागतात आणि रसायनं सोडून हाकाटी करतात. आसपासच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यांच्या भिंती सैल होतात आणि रक्तातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी त्यातून बाहेर घुसतात. बोट लाल होतं, गरम लागतं, सुजतं, ठणकतं, ते यामुळे. न्यूट्रोफिलचं आयुष्य जेमतेम काही दिवसांचं, पण आपली अस्थिमज्जा त्या रोज सुमारे दहा हजार कोटी तयार करते. जखमेतला पू म्हणजे बव्हंशी लढून मेलेल्या याच पेशी.

हे पहिल्यांदा नीट पाहिलं तेही काट्यामुळेच. १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना इथे इल्या मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांच्या अंगात बारीक काटे टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं, तर फिरत्या पेशींनी काट्याला गराडा घातला होता.

पण ही पहिली फळी सगळ्यांना एकाच मापाने मोजते. नेमका कोणता जंतू आलाय हे ओळखायचं काम दुसऱ्यांचं, आणि ते जखमेजवळ होत नाही. जखमेतल्या डेंड्रायटिक पेशी जंतूंचे तुकडे अंगावर वागवत लसिकावाहिन्यांतून, म्हणजे पेशींभोवतालचा पाणीदार द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून, वर सरकतात आणि जांघेतल्या लसिका ग्रंथीत पोचतात. तिथे टी-पेशींची, म्हणजे नेमकी ओळख पटवणाऱ्या पांढऱ्या पेशींची, सतत ये-जा असते. प्रत्येक टी-पेशी एकाच विशिष्ट आकाराचा तुकडा ओळखू शकते, त्यामुळे आलेल्या तुकड्याशी जुळणारी पेशी लाखात एखादी सापडते. ती सापडेपर्यंत ग्रंथी बाहेरची वाट काही काळ आवळून धरते आणि आत येणाऱ्यांची गर्दी वाढू देते. जुळणी झाली की ती एक पेशी भराभर विभागते आणि आठवडाभरात तिच्या हजारो प्रती होतात. जांघेत चाचपताना हाताला लागणारी ती गाठ म्हणजे ही गर्दी.

इथे मला दर वेळी थांबावंसं वाटतं. कधीही न पाहिलेल्या जंतूला ओळखणारी पेशी आधीपासून तयार कशी? आपल्याकडे जनुकं साधारण वीस हजार, आणि ओळखायचे आकार तर अगणित. याचं उत्तर जपानी शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावा यांनी १९७६ मध्ये दाखवून दिलं. जंतूंना चिकटणारी प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, बनवणाऱ्या बी-पेशी घडताना त्या प्रतिपिंडांच्या जनुकाचे तुकडे पत्ते पिसावेत तसे पिसले जातात आणि प्रत्येक पेशीच्या हाती वेगळा डाव येतो. टी-पेशींतही हेच होतं. शरीर शत्रूचा अंदाज बांधत नाही, ते शक्य तितके आकार आधीच बनवून ठेवतं.

पिसलेल्या पत्त्यांत मात्र घातक डावही येणारच, स्वतःच्याच शरीरावर उठणारे. म्हणून छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत टी-पेशींची कठोर परीक्षा होते. काहीच ओळखू न शकणारी पेशी बाद, आपल्याच पेशींना घट्ट पकडणारीही बाद. शंभरातल्या जेमतेम पाच जगून बाहेर पडतात. त्यातूनही निसटलेल्यांना आवरायला नियामक टी-पेशी असतात. त्यांच्या शोधाला २०२५ चं नोबेल मिळालं. हा लगाम सुटला की टाइप-१ मधुमेह किंवा संधिवाताभ सांधेदुखीसारखे आजार जडतात. म्हणूनच 'प्रतिकारशक्ती वाढवा' ही भाषा मला खटकते. या यंत्रणेला जोर जितका लागतो, तितकीच ओळख आणि आवर लागतो.

आणि आठवण. जंतू हटले की लढलेल्या बहुतेक पेशी मरतात, थोड्या मागे राहतात. तोच जंतू पुन्हा आला तर आठवड्याचं काम त्या दोन-तीन दिवसांत उरकतात, बऱ्याचदा आपल्याला पत्ताही न लागता. ही आठवण किती टिकते? १८४६ मध्ये अटलांटिकमधल्या फॅरो बेटांवर गोवराची साथ आली आणि जवळपास ७,८०० वस्तीपैकी सहा हजारांहून अधिक लोक आजारी पडले. पीटर पानुम हा तरुण डॅनिश डॉक्टर तिथे गावोगाव फिरला. बेटांवर आधीचा गोवर १७८१ मध्ये आला होता. तेव्हा तो होऊन गेलेले जे म्हातारे हयात होते, त्यांतल्या एकालाही या वेळी तो झाला नाही. मधली पासष्ट वर्षं त्या बेटांवर गोवर नव्हता, तरी त्यांच्या शरीराला तो आठवत होता.

लस हीच आठवण आजाराशिवाय देते. गोवराच्या बाबतीत तर तिचं मोल दुहेरी आहे, कारण गोवराचा विषाणू या आठवणीच्या पेशींवरच हल्ला करतो. लस न घेतलेल्या मुलांच्या रक्ताची गोवरापूर्वी आणि नंतर तपासणी केली, तेव्हा इतर रोगांविरुद्ध त्यांनी कमावलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झालेली आढळली. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. अंगावरचं पुरळ आठवड्याभरात मावळतं, पण त्या मुलांना आधी ओळखीचे झालेले कितीतरी जंतू पुन्हा पहिल्यापासून ओळखावे लागतात.