ग्रहपृष्ठ बाटिक

ग्रह-उपग्रहांच्या पृष्ठभागाची घडण मेण आणि रंगांच्या साहाय्याने कापडावर उतरवण्याचा प्रकार. खगोलशास्त्र आणि वस्त्रकला यांची सांगड जुनी आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात एलन हार्डिंग बेकर यांनी केलेल्या लोकरी ‘सूर्यमाला’ गोधडीवर १८७६ हे साल आहे. ती खगोलशास्त्रावरील व्याख्यानांत वापरली जाई आणि आज स्मिथसोनियन या अमेरिकी संग्रहालय-संस्थेच्या संग्रहात आहे. अशा कामात चित्र कापडावर जोडलेले किंवा भरलेले असते. बाटिकात मात्र रंग अडवण्यासाठी कापडावर लावलेल्या मेणाला खरोखरच तडे जातात, त्यांतून रंग शिरून रेषा उमटतात, आणि त्यामुळे गुरूचा उपग्रह युरोपा या तंत्राला विशेष मानवतो.

युरोपाचा व्यास सुमारे ३,१२० किमी आहे. गुरूभोवती ३.५५ दिवसांत फिरताना गुरूच्या कमी-जास्त होणाऱ्या, भरती-ओहोटीसारख्या ओढीने त्याचे बर्फाचे कवच ताणले जाते, तडकते, आणि त्यावर तांबूस रेषांचे जाळे दिसते. नंतरची रेषा आधीच्या रेषेला छेदून जाते. कोणती भेग आधीची, हे अभ्यासक त्यावरूनच ठरवतात. कापडावरही हा क्रम दिसला पाहिजे. तो नसेल तर ते नुसते तडकलेले बाटिक.

इंदूरहून जेमतेम ५५ किमीवर उज्जैनचे भैरवगढ आहे. तेथील बाटिक प्रसिद्ध असल्याने या भागात तंत्राची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. कापड इंदूरच्या तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये मिळते. केंब्रिक हे पातळ सुती कापड घ्यावे, मांजरपाट जाड असल्याने मेण आरपार जात नाही. कोऱ्या कापडाची खळ सोडा आणि साबणाच्या उकळत्या पाण्यात काढून टाकावी, नाहीतर रंग डागाडागांनी बसतो.

९० सेंमी व्यासाचे वर्तुळ आखले, तर १ सेंमी म्हणजे जवळजवळ ३५ किमी. अर्ध्या मिलिमीटरची भेग या मापाने पावणेदोन किमीची होते, आणि युरोपावरील दुहेरी कडांची (भेगेच्या दोन्ही अंगांना असलेल्या उंचवट्यांच्या जोडीची) रुंदी साधारण याच घरातली आहे. हजार किमीची रेषा २९ सेंमी भरते.

मेणात पॅराफिन ८० भाग आणि मधमाश्यांचे मेण २० भाग ठेवावे. पॅराफिन ठिसूळ असल्याने तडकते, दुसरे कापडाला धरून ठेवते. पातेले थेट आचेवर न ठेवता पाण्याच्या भांड्यात ठेवावे. मेण लावलेला भाग ओलसर, पारदर्शक दिसला पाहिजे. पांढरट दिसला तर मेण गार होते; ते वरवर बसले आहे, खालून रंग शिरणारच.

नुसते चुरगाळल्यास कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा पडतात, त्या युरोपाच्या नव्हेत. लांब, किंचित वळणदार रेषेसाठी थंड केलेले कापड टेबलाच्या कडेवरून एकाच दिशेने दुमडत न्यावे. मग पहिला, फिकट बदामी रंग: लिटरला रिॲक्टिव्ह (सुती धाग्याशी रासायनिक बंध धरणारा) रंग २ ग्रॅम, मीठ ३० ग्रॅम, धुण्याचा सोडा २० ग्रॅम. पाणी ३० अंशांच्या वर नको. बोअरच्या कठीण पाण्यात सोड्यामुळे चुनखडीचा साका धरतो आणि रंग मळकट होतो. साठवलेले पावसाचे पाणी उत्तम.

कापड धुऊन पूर्ण वाळले, की सगळ्या भेगांवर पुन्हा गरम मेण फिरवावे. सर्वाधिक चुका इथे होतात. जुनी भेग बुजली नाही, तर ती दुसऱ्या गडद तपकिरी रंगातही भिजते, दोन्ही रेषा सारख्या होतात आणि क्रम हरवतो. ओलसर कापडावर मेण धरत नाही, म्हणून घाई करू नये. त्यानंतर वेगळ्या दिशेने दुमडून दुसरा रंग द्यावा.

इंदूरच्या मे महिन्यात हे काम जवळजवळ निष्फळ ठरते. चाळिशीच्या उन्हाळ्यात मेण तडकण्याऐवजी वाकते. डिसेंबर-जानेवारीतील सकाळ सोयीची. एरवी कापड बर्फाच्या पाण्यात बुडवावे.

शेवटी सोडा घातलेल्या उकळत्या पाण्यात मेण उतरवतात. पाणी गार झाल्यावर वर आलेला मेणाचा थर काढून पुन्हा वापरता येतो. ते पाणी मोरीत ओतले तर नळी हमखास तुंबते. मेण उतरलेल्या कापडाखाली जुन्या लुगड्याचे दोन-तीन थर घालून प्रत्येक गडद रेषेवरून धावदोरा घातला, की रेष खाली दबते आणि दोन्ही बाजू उचलल्या जातात. युरोपावरची दुहेरी कड अशीच असते: मधे घळ, दोहो अंगांना उंचवटा. टाके तीन-चार मिलिमीटरचे हवेत. मोठे झाले तर घळ सलग न दिसता ठिपक्यांची होते.

मंगळासाठी काही जण लोखंडाच्या गंजाने कापड रंगवतात. मंगळाचा तांबडेपणा लोहाच्या ऑक्साइडमुळेच असल्याने कल्पना चोख वाटते, पण गंज सुती धागा खातो आणि काही वर्षांत कापड त्या जागी फाटते. धार जिल्ह्यातील बाग गावच्या छपाईत तर हिरड्याच्या संगतीने लोखंड काळा रंग देते. लाल येतो तो तुरटी आणि अलिझरीन या लाल रंगद्रव्यामुळे. टिकाऊ मंगळ हवा असेल, तर तुरटीचाच मार्ग धरावा.