जुन्या डब्याचा लाल दिवा आणि ५०,००० तासांचा समज

जुने रेल्वे डबे जपणाऱ्यांमध्ये एक समज वर्षानुवर्षे फिरतो आहे: मागच्या लाल दिव्यात एलईडी बसवला की ५०,००० तास बघायला नको. हा आकडा मुळात अख्ख्या दिव्याचा नाहीच. तो चिपचा, ठरावीक तापमानात तिचा प्रकाश ७० टक्क्यांवर उतरेपर्यंतचा. त्याआधी बहुधा आतलं सर्किट जातं. जुन्या डब्यात आसावरून पट्ट्याने फिरणारा डायनामो असतो. वेगाबरोबर व्होल्टेज हलतं, मध्येच उसळतं, वर रुळांचे हादरे. म्हणून २४ व्होल्टच्या डब्याला १० ते ३६ व्होल्ट झेलणारा, सर्किट रेझिनमध्ये बंद केलेला दिवा घ्यावा. आयपी ६७ हा शिक्का धूळपाण्यापुरता; हादऱ्यांबद्दल तो काहीच सांगत नाही.

मला त्याहून धोक्याचा वाटतो तो लाल काचेमागचा पांढरा एलईडी. जुन्या बल्बच्या उजेडात लाल भरपूर असतो, पांढऱ्या एलईडीत कमी. काच बहुतेक प्रकाश गिळते आणि मागून येणाऱ्या चालकाला दिवा मंद दिसतो. मूळ काच जरूर जपा, पण तिच्यामागे लाल एलईडीच लावा. रॉकेलवरच्या सिग्नलांच्या निळसर काचेचंही तसंच: पिवळ्या ज्योतीपुढे ती हिरवी दिसायची, पांढऱ्या एलईडीपुढे निळी दिसते.