ओळंब्याने पकडलेली हिमालयाची मुळं

भिंत उभी सरळ आहे का, हे गवंडी ओळंबा सोडून बघतो. एकोणिसाव्या शतकात भारताची मोजणी करणाऱ्यांचा भरवसाही ओळंब्यावरच होता, आणि तिथेच घोटाळा झाला. मध्य भारतातलं कलियानपूर आणि उत्तरेकडचं, हिमालयाच्या बरंच जवळचं कलियाना यांच्यातलं अक्षांशांचं अंतर जमिनीवर मोजलं तर एक यायचं, ओळंब्याची उभी रेषा धरून ताऱ्यांचे वेध घेतले तर दुसरं. फरक ५.२४ कोनीय सेकंदांचा, म्हणजे जमिनीवर दीडशे मीटरहून थोडा जास्त.

हिमालय ओळंब्याला स्वतःकडे ओढत असणार, हे उघड होतं. कलकत्त्याचे धर्मगुरू आणि गणिती जॉन प्रॅट यांनी ही ओढ हिशेबाने काढली, तर फरक जवळपास १५.९ सेकंद यायला हवा होता. एवढा अवाढव्य डोंगर, आणि ओढतो अपेक्षेच्या तिसऱ्या हिश्शानेच! ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी १८५५ मध्ये सुचवलं की डोंगराखाली हलक्या खडकाचं खोल मूळ असावं, म्हणून ओढ कमी पडते. पाण्यात तरंगणारा ओंडका जितका जास्त वर दिसतो, तितकाच जास्त खाली बुडालेला असतो, तसं.

डोंगर उभा का राहतो, ते कळलं. तो मुळात वर आला कसा? सुकणाऱ्या फळासारखी पृथ्वी आकसते आणि तिला सुरकुत्या पडतात, असं तेव्हा बरेच जण मानत. जर्मन शास्त्रज्ञ आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये खंड सरकतात असं मांडलं, पण ते पटायला १९६० चं दशक उजाडलं. भारतीय भूखंड सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला आणि मधल्या समुद्राचा तळ चुरगळत वर गेला. एव्हरेस्टच्या माथ्यावरच्या चुनखडीत सागरी जीवांचे अवशेष आहेत ते यामुळेच.

उभा राहिलेला डोंगर मग हवामान घडवायला लागतो. पावसाळी ढग दक्षिण उतारावर रिकामे होतात आणि पलीकडे लेहच्या वाट्याला वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस उरतो. पण हेच पाणी आणि बर्फ डोंगराला पोखरतही असतं. वरचा भार उतरला की बोजा काढलेल्या होडीसारखं खालचं मूळ वर उचललं जातं. नंगा पर्वताचं शिखर ८,१२६ मीटरवर आहे, आणि त्याला वळसा घालणारी सिंधू त्याच्या जवळपास ७ किलोमीटर खाली वाहते. तिथे अवघ्या १० ते ३० लाख वर्षांपूर्वी जमिनीत खोलवर थिजलेला ग्रॅनाइट आज उघड्यावर दिसतो.